अबोल अनुयायांचे उपकार

माझे ११,२४० अनुयायी आहेत आणि त्यांतल्या एकानेही आजवर मला काडीचा त्रास दिलेला नाही. हे भाग्य मोठमोठ्यांच्या वाट्याला आलेलं नाही. महाराज असोत, मंत्री असोत की मास्तर, माणसं मागे लागली की ती काहीतरी मागतातच. कोणी अंगारा मागतं, कोणी बदली, कोणी दोन मार्क वाढवून. माझ्या माणसांनी काही मागितलं नाही. ती फक्त आहेत. पडद्याच्या कोपऱ्यात, आकड्याच्या रूपाने, अहोरात्र आहेत.

एक खुलासा आधीच करतो, म्हणजे मागाहून कुजबुज नको. हे अनुयायी खोटे आहेत. त्यांतले ११,००० मी पैसे मोजून घेतले, २३७ न बोलावता आले आणि उरलेले ३ खरे आहेत. पहिल्या दोन गटांबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. तिसऱ्या गटाबद्दल मात्र बोलावं लागेल.

जमिनीच्या जुन्या कागदांच्या रेकॉर्ड रूममध्ये माझी एकतीस वर्षं गेली. मोडी वाचणं हा तिथे पोटापाण्याचा भाग होता. निवृत्त झाल्यावर घरातल्यांना माझा आवाज दिवसभर ऐकावा लागू नये म्हणून भाच्याने मला एक चॅनल काढून दिलं. रोज संध्याकाळी सात ते आठ, लाइव्ह, मोडी लिपीचा वर्ग. कुठल्या व्यासपीठावर ते सांगत नाही. मला तिथे अजून राहायचं आहे. मोबाइल स्टँडला उलटा टांगायचा, खाली कागद ठेवायचा, लिहीत जायचं आणि बोलत जायचं. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग हात न उचलता तिला अक्षरं लटकवत जातात, त्यामुळे बघायला बरं वाटतं. शिवाय दिवस चांगले होते. शाळेतून मोडी जाऊन दोन पिढ्या लोटल्या होत्या, कोणी तिच्याकडे ढुंकून बघत नव्हतं; पण २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांचा जिल्ह्याजिल्ह्यांत शोध सुरू झाला. आपल्याला किमान चार-पाचशे विद्यार्थी मिळतील असा माझा हिशेब होता.

आठ महिन्यांत तीन मिळाले.

पहिली माझी थोरली बहीण, चिंचवडला असते. तिला मोडीत रस नाही. मी स्वेटर घातलाय की नाही ते बघायला ती येते. दुसरे वाईजवळच्या एका गावातले निवृत्त मास्तर. तिसरा न्यू जर्सीतला एक मुलगा. आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा उन्हाळ्यात तिकडे सकाळचे साडेनऊ झालेले असतात, म्हणजे हा एका कानाने ऑफिसची मीटिंग ऐकत असतो आणि दुसऱ्या कानाने मला. त्याच्या पणजोबांच्या ट्रंकेत एक जुनं खरेदीखत निघालं होतं आणि ते त्याला वाचून हवं होतं. रोज हवं होतं.

खरा प्रेक्षक ही काय चीज आहे, हे ज्याने लाइव्ह केलेलं नाही त्याला समजायचं नाही. सुरुवातच घ्या. लाइव्ह सुरू झालं की प्रथेप्रमाणे विचारावं लागतं, ‘नमस्कार मंडळी, आवाज येतोय का?’ सुसंस्कृत माणूस यावर गप्प बसेल. ताई लिहिते, ‘नाही येत.’ मग मी वायर काढतो, वायर घालतो, पुन्हा विचारतो. ‘आता येतोय, पण मागे कुकरची शिट्टी पण येतेय. दुसरी झाली, गॅस बारीक कर.’ हे सगळं लोकांसमोर. लोक म्हणजे मास्तर.

आता मास्तर. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद कोणी पाळत नाही. शब्द कुठे तोडायचा हे वाचणाऱ्याने आपल्या अकलेने ठरवायचं. एके दिवशी एका कागदावर मी वाचलं, ‘सदरहू जमीन दारास दिली.’ दार या शब्दाला जुन्या कारभारात काय अर्थ असावा, घराच्या दारापुढची मोकळी जागा की गावाची वेस, यावर मी दहा मिनिटं उत्तम विवेचन केलं. तेवढ्यात मास्तरांची ओळ आली, ‘साहेब, जमीनदारास दिली, असं असेल का?’ असेल का! प्रश्नचिन्हासकट! एकतीस वर्षांच्या अनुभवाला असं प्रश्नचिन्ह लावणारा प्रेक्षक असला काय आणि नसला काय.

माझ्याकडे खोट्यांपैकी पहिला कोण आला ते मला पक्कं आठवतं, कारण पहिल्याच दिवशी ताईच्याही आधी तो आला होता. इंग्रजीत लिहिलं होतं, ‘प्रसिद्ध व्हायचंय? फॉलोअर विकत घ्या.’ मी त्याला अदबीने विचारलं, ‘नमस्कार, आपण कुठून पाहताय?’ उत्तर आलं, ‘प्रसिद्ध व्हायचंय? फॉलोअर विकत घ्या.’ रेकॉर्ड रूममध्ये असल्यामुळे एकाच प्रश्नाला एकच उत्तर देणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण तेव्हा मी दुर्लक्ष केलं. आठ महिने वाया गेले.

डोळे उघडले ते भाच्यामुळे. तो स्वतः गेम खेळतो आणि ते खेळणं लोक लाइव्ह बघतात. एका रात्री साडेअकराच्या सुमाराला त्याच्या चॅनलवर नऊ मिनिटांत हजाराच्या वर नवे फॉलोअर आले. नवीन माणूस आला की घंटा वाजते आणि यंत्र त्याचं नाव मोठ्याने वाचतं, अशी सोय त्याने हौसेने करून ठेवली होती. हजार घंटा वाजल्या. नावं सगळी शिव्यांची होती आणि यंत्राने ती इंग्रजी शाळेतल्या बाईंच्या स्वच्छ उच्चारात वाचली. खालच्या मजल्यावरचे आजोबा जागे झाले.

मला वाटलं, पोरगं पेढे वाटेल. ते रडायच्या बेतात होतं. त्याने घंटा बंद केली, आवाज बंद केला, दहा मिनिटांपेक्षा नवीन फॉलोअरला गप्पांत लिहिता येणार नाही असं करून टाकलं, फोन नंबर पडताळल्याशिवाय कोणाला तोंड उघडू द्यायचं नाही अशी कडी लावली आणि पहाटेपर्यंत यादी घेऊन एकेकाला हाकलत बसला. ‘मामा, यांच्याकडे लक्ष द्यायचं नसतं. आपण चिडलो की त्यांना तेच हवं असतं. गुपचूप दार लावायचं, तक्रार नोंदवायची, खेळ चालू ठेवायचा,’ असं मलाच शिकवत होता. मी त्याला एवढंच म्हणालो, ‘अरे, शिव्या द्यायला का होईना, हजार जण आले. माझ्याकडे तर कुकरची शिट्टी मोजणारी एकटी तुझी आई.’

ही पिढीच कृतघ्न. ट्विच नावाचं जे मोठं लाइव्ह व्यासपीठ आहे, २०१४ साली अ‍ॅमेझॉनने सुमारे ९७ कोटी डॉलरला घेतलं ते, तिथे २०२१ च्या उन्हाळ्यात असेच जमाव माणसं हेरून त्यांच्या चॅनलवर सोडले जात होते, वर्णावरून आणि लिंगावरून शिव्या देत. यावर कलाकारांनी काय करावं? १ सप्टेंबर २०२१ ला सामुदायिक सुट्टी घेऊन चॅनलं बंद ठेवली. कंपनीने दोघांना कोर्टात खेचलं आणि पुढच्या वर्षी एक बटण काढलं, दाबलं की सगळे दरवाजे एकदम बंद. २०२१ च्याच एप्रिलमध्ये आपण फॉलोअर आणि प्रेक्षक फुगवणारी ७५ लाखांवर खाती शोधून काढली, असंही ही कंपनी अभिमानाने सांगत होती. पंचाहत्तर लाख! एवढ्या मतदारांवर आपल्याकडे राज्य चालतं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात उतरलो.

या बाजाराला पॅनल म्हणतात. किराण्याच्या यादीसारखी यादी असते, दर हजारी दराने. परदेशी मिक्स स्वस्त, इंडियन महाग, खास मराठी नावांचे मिळत नाहीत; ‘सर, डिमांड नाही,’ असं मला सांगण्यात आलं. ‘नॉन-ड्रॉप’ म्हणजे न गळणारे. ‘रिफिल ३० दिवस’ म्हणजे गळलेच तर महिन्याभरात भरून देणार. ‘ड्रिप-फीड’ म्हणजे सगळे एकदम न सोडता सलाइनसारखे थेंबथेंब सोडायचे, म्हणजे वाढ नैसर्गिक दिसते. मी गळणाऱ्यांपेक्षा थोडे बरे, न गळणाऱ्यांपेक्षा थोडे स्वस्त असे मधले घेतले. आमच्या घरात छत्र्यासुद्धा त्याच प्रतीच्या आहेत.

आणि ते आले. अक्षरं आणि आकडे यांची ती सलग माळ, कुठे नाव संपतं आणि कुठे नंबर सुरू होतो ते कळू नये अशी. एखाद्या मोडी जाणकाराचं मन भरून यावं. मी पहिल्या संध्याकाळी त्यांना सवयीने विचारलं, ‘आवाज येतोय का?’ अकरा हजार जण शांत. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या आवाजावर एवढा विश्वास कोणी दाखवला नव्हता.

त्या दिवशी माईक चाळीस मिनिटं बंद होता, हे मला आठ वाजता ताईचा फोन आल्यावर कळलं. मास्तरांचेही तीन मिस्ड कॉल होते. न्यू जर्सीतल्या मुलाने मीटिंग सोडून ईमेल केली होती. त्या तिघांच्या मते तास वाया गेला. मला मात्र तो माझ्या उत्तम व्याख्यानांपैकी एक वाटतो. सलग, कुठेही अडखळणं नाही, मध्ये कोणाचा प्रश्न नाही.

लोक म्हणतात, ही नव्या जमान्याची फसवाफसवी. इतिहास न वाचल्याचा हा परिणाम. रोमचा सम्राट नीरो गायला उभा राहायचा तेव्हा पाच हजारांवर तरुण टाळ्या वाजवायला ठेवलेले असत, आणि टाळ्यांचेही प्रकार त्यांना शिकवलेले असत: मधमाश्यांची भुणभुण, कौलं आणि विटा. पॅरिसमध्ये १८२० साली नाटकांना हमखास यश मिळवून देणारी रीतसर कचेरी निघाली होती. हसायला वेगळी माणसं, ‘पुन्हा एकदा’ ओरडायला वेगळी, आणि रुमाल डोळ्यांना लावून रडायला बायका वेगळ्या. आपल्याकडे पास वाटून नाट्यगृह भरलेलं कोणी पाहिलं नाही? सभेला ट्रक भरून आणलेली मंडळी तर आपली लोककलाच म्हटली पाहिजे. पण या सगळ्या व्यवस्थांत एक मूलभूत दोष राहून गेला होता. ती माणसं होती. त्यांना पुरीभाजी लागते, पाण्याची बाटली लागते, आणि नेत्याचं भाषण रंगात आलं की परतीचा ट्रक सुटेल या भीतीने ती उठून जातात. माणूस काढून टाकून नुसती हजेरी शिल्लक ठेवायची, हे आपल्या काळालाच जमलं.

हजेरी किती ठेवायची याला मर्यादा नाही. डोयू नावाच्या चिनी लाइव्ह व्यासपीठावर २०१५ साली एका गेम खेळणाऱ्याच्या प्रक्षेपणाला १ अब्ज ३० कोटींच्या आसपास प्रेक्षक दिसत होते. चीनची तेव्हाची लोकसंख्याही जवळपास तेवढीच. म्हणजे त्या वेळी शेतात कोणी नव्हतं, दवाखान्यात कोणी नव्हतं, पाळण्यातली मुलंसुद्धा बघत होती. हा आकडा वाचून मी माझे ११,२४० फार जपून वाढवले, हे वाचकांनी लक्षात घ्यावं.

आणि निष्ठा म्हणाल तर विचारूच नका. न्यूयॉर्क टाइम्सने जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हुमी या कंपनीची चौकशी छापली. तिच्याकडे साठा होता साधारण ३५ लाख यांत्रिक खात्यांचा आणि तिने विकलेले फॉलोअर होते २० कोटींवर. भागाकार करा. एकेक खातं सत्तावन्न गिऱ्हाइकांच्या मागे उभं होतं, आणि सत्तावन्नातल्या एकालाही वाटू दिलं नाही की आपल्यावरचं प्रेम कमी झालंय. मराठी साहित्यात एका वेळी तीन गटांत राहणाऱ्या माणसाची काय अवस्था होते ते आपण पाहतो. पुढच्या वर्षी तिथल्या व्यापार आयोगाने या कंपनीच्या मालकावर २५ लाख डॉलरची कारवाई केली. मुंबईतही २०२० च्या जुलैत पोलिसांनी असं एक जाळं उघडकीला आणलं. एका पार्श्वगायिकेच्या नावाने कोणीतरी खोटं खातं चालवलं आणि तिने तक्रार केली. गाणाऱ्यांना टाळ्या चालतात, टाळ्यांचा कारखाना चालत नाही.

डेव्हुमीच्या खात्यांपैकी किमान ५५ हजारांवर खऱ्या माणसांची नावं आणि फोटो चोरून लावलेले होते, असंही त्या बातमीत होतं. ते वाचून मी माझी यादी सावकाश चाळायला घेतली. चौथ्या दिवशी मला माझाच फोटो दिसला. आमच्या सोसायटीने माझा सत्कार केला तेव्हाचा, शालीसकट. नाव माझंच, पुढे सात आकडे. मी स्वतःच माझा अनुयायी होतो, आणि तेही हजारी दरात, वेगळे पैसे न देता. त्या क्षणी जे वाटलं ते सांगणं कठीण आहे. अकरा हजारांत निदान एक तरी ओळखीचा चेहरा होता.

सत्काराचं राहिलंच. आकडा दहा हजारांवर गेला तेव्हा सोसायटीच्या अध्यक्षांनी गणपतीत माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. त्याआधी त्यांना माझ्या मोडीबद्दल आठ महिने माहिती होती आणि त्यांच्या मते ती गुजराती होती. कार्यक्रमात मला मोडी वाचून दाखवा असं कोणी म्हटलं नाही. आकडा मात्र माईकवरून तीनदा वाचला गेला. समोर साठेक माणसं होती, त्यांतल्या एकानेही माझं चॅनल पाहिलेलं नव्हतं, पण अकरा हजार लोक पाहतात म्हटल्यावर आपण न पाहिल्याबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. खोट्यांच्या नावाने खऱ्यांना अपराधी वाटायला लावणं ही सोपी कामगिरी नाही.

भाचा मात्र कुरकुर करत राहिला. तो म्हणाला, मामा, व्यासपीठ तुमचा कार्यक्रम आधी तुमच्याच थोड्या लोकांना दाखवून बघतं. ते दगडासारखे बसले तर त्याला वाटतं, यात काही राम नाही, आणि मग ते नव्या कोणालाच दाखवत नाही. म्हणजे तुम्ही पैसे देऊन आपल्या दारावर ‘आत कोणी नाही’ अशी पाटी लावून घेतलीत. मी म्हटलं, पाटी तरी लागली.

मग त्याने कागदावर हिशेब मांडला. यूट्यूबचं उदाहरण घेऊ, म्हणाला. तिथे २०१८ पासूनचा नियम असा की जाहिरातीचे पैसे मिळायचे तर एक हजार सबस्क्रायबर हवेत आणि बारा महिन्यांत लोकांनी तुम्हाला चार हजार तास पाहिलेलं हवं. तुमचे अकरा हजार वर्षभरात किती तास पाहतील? शून्य. आता समजा, खरी अकरा माणसं रोज एक तास बसली. अकरा गुणिले तीनशे पासष्ट, चार हजार पंधरा. ‘अकरा, मामा. अकरा हजार नाही, अकरा.’

गणित बरोबर होतं. मी दोनदा ताळा करून पाहिला. पण या मुलाला अनुभव नाही. तीन माणसं सांभाळताना माझी काय अवस्था झाली ते मला ठाऊक आहे. अकरा म्हणजे पणजोबांची आठ नवी खरेदीखतं आणि किमान तीन मास्तर. ट्विचवर २०१७ साली नवशिक्यांसाठी योजना निघाली तेव्हा तिच्यातही सरासरी तीनच प्रेक्षक मागितले होते, मात्र फॉलोअर पन्नास. त्यांना नेमकी कशाची किंमत आहे ते यावरून दिसतंच. आपल्या तुकोबांच्या मागे चौदा टाळकरी होते असं सांगतात. सरासरीच्या अटीत बुवा सहज बसतात, पण पन्नासांचा आकडा काही भरत नाही. अर्ज परत आला असता.

आता थोडं दुःखाबद्दल. ही मंडळी इतकी निरुपद्रवी असूनही त्यांच्यावर अधूनमधून कत्तल ओढवते. २०१४ च्या डिसेंबरात इन्स्टाग्रामने खोटी खाती पुसली तेव्हा मेस नावाच्या अमेरिकन रॅपरचे सोळा लाख फॉलोअर एका फटक्यात लाखभरावर आले. उरलेल्या लाखभर माणसांकडे बघून त्याने खातंच बंद करून टाकलं. मला हा माणूस समजतो. लाखभर खरी माणसं एकदम समोर दिसली की घाबरायला होणारच. २०१८ च्या जुलैत ट्विटरने झाडू मारला तेव्हा ट्विटरच्या स्वतःच्या खात्यावरून सत्तर लाखांहून अधिक गळाले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमिताभ बच्चन यांचे साठेक हजार कमी झाले होते आणि त्यांनी तिथेच जाहीर नाराजी व्यक्त करून निघून जाण्याची भाषा केली होती. तीन कोटींच्या वर शिल्लक होते, आणि जुहूला त्यांच्या बंगल्याच्या फाटकाशी वर्षानुवर्षं दर रविवारी जिवंत माणसं उभी राहत आली आहेत, हाताला घाम येणारी, गावाहून एसटीने आलेली. पण गेलेले साठ हजार ते साठ हजार. फाटकाशी उभ्या माणसाचा आकडा कोपऱ्यात दिसत नाही.

(इथवर लिहून चहा प्यायला उठलो होतो. परत येऊन पाहतो तर कोपऱ्यातला आकडा ११,२४० ऐवजी ४ दिसतो आहे. वायर काढून घातली. ४ च आहे.)

लेखाच्या सुरुवातीला दिलेला आकडा मी बदलत नाही. लिहिला तेव्हा तो खरा होता. निदान तेवढाच खरा होता. पॅनलकडे रिफिलचा अर्ज केला आहे. लगेच उत्तर आलं, ‘प्रिय ग्राहक, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.’ मी विचारलं, कधीपर्यंत भरून मिळतील? उत्तर आलं, ‘प्रिय ग्राहक, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.’ पावती काढून पाहिली. तीस दिवसांची मुदत गेल्या मंगळवारी संपली.

चार कोण राहिले ते पाहिलं. ताई. मास्तर. न्यू जर्सीतला मुलगा. आणि शाल पांघरलेला मी, नावापुढे सात आकडे असलेला. व्यासपीठाने एवढी कसून तपासणी केली, हजारोंना बाहेर काढलं, पण याला हात लावला नाही. त्यांच्या निकषांत हा माणूस ठरला. ही यादी बघायला मी आत शिरलो तेव्हा मात्र मलाच अडवून नऊ चित्रं दाखवली गेली आणि त्यांतली सिग्नलची चित्रं ओळखून मी यंत्रमानव नसल्याचं सिद्ध करायला सांगितलं गेलं. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा आत घेतलं.

मास्तरांचा निरोप येऊन पडला आहे, त्या ‘दारास’च्या कागदाबद्दल पुन्हा काहीतरी म्हणायचंय त्यांना. मुलाने खरेदीखताच्या सगळ्या चौदा पानांचे नवे, स्पष्ट फोटो पाठवलेत. ताईने विचारलंय, आकडा कमी दिसतोय, जेवलास ना?

आज सात वाजता नेहमीप्रमाणे लाइव्ह आहे. याल तर या. फक्त आवाज येतोय की नाही, ते सांगू नका.